उजेडाकडचं टेबल

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारी नोंदवणारी ताई बुटकी आणि तिची खुर्ची उंच. पाय दिवसभर लोंबकळत. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वह्या दारामागच्या कपाटात, नळांचे नकाशे ठेवायची लाकडी मांडणी त्याहून पलीकडे. फोन वाजला की ती उठे, वहीसाठी उठे, नकाशासाठी पुन्हा उठे. उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पण स्पष्टच सांगितलं, "दुखणं तुमच्या ऑफिसात आहे. तिथे काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी ताईने प्रत्येक वेळी उठल्यावर कागदावर एक रेघ मारली. संध्याकाळी मोजल्या, तर त्रेसष्ट! आधी तिला स्वतःची कीव आली, मग राग. कागद घेऊन ती थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"नवीन काही मिळणार नाही. खुर्चीसुद्धा नाही," साहेबांनी मान वर न करताच सांगितलं.

"नवीन नकोच, साहेब. आहे तेच हलवते."

"मग शनिवारी काय तो गोंधळ घाला. सोमवारी दहाच्या ठोक्याला काम सुरू झालं पाहिजे."

ताईने टेप घेऊन खोली इंच न् इंच मोजली, आराखडा काढला. कपाट खिडकीपाशी नेलं की सगळं हाताशी येत होतं. आडवं येत होतं फक्त नानांचं टेबल. नाना म्हणजे कार्यालयातले सर्वांत जुने कारकून. खिडकीला अगदी चिकटून बसायचे.

"माझं टेबल हलायचं नाही," नानांनी तुकडाच तोडला.

दोन दिवस ताईने मनधरणी केली. नाना ढिम्म. तिसऱ्या दिवशी तिचा पारा चढला. आराखडा त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बघा तरी! तुमची नवी जागा काय वाईट आहे?"

नानांनी कागद उचलला, खिडकीकडे धरला, पार नाकाजवळ नेला. "हे दार ना?" म्हणून बोट ठेवलं.

ते दार नव्हतं. ते त्यांचंच टेबल होतं, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'नाना' लिहिलेलं होतं.

ताईचा राग कुठल्या कुठे गेला. खुर्ची ओढून ती जवळ बसली. "कधीपासून, नाना?"

"वर्ष झालं. मोतीबिंदू. उजेडात भागतं गं. आत नेऊन बसवलंस तर माझं बिंग फुटेल."

"ऑपरेशन करून घ्या की."

"डोळ्याला सुरी लावणार आणि मी गप पडून राहायचं?" नाना कसंनुसं हसले. "साहेबांना सांगू नकोस."

"नाही सांगत. पण मी तुमची पाठ सोडणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

तिने आराखडा फाडला आणि डबा खाता खाता नवा काढायला घेतला. आता एका खांद्याची आणि दोन डोळ्यांची सोय लावायची होती. उंच कपाट खिडकीत नकोच, उजेड अडेल. नकाशांची मांडणी मात्र बुटकी, खिडकीच्या खाली बसणारी. वह्या तिच्यावर, नकाशे तिच्यात. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला ती.

शनिवारी तिने वडिलांना आणलं. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस. खोलीवर नजर फिरवून ते म्हणाले, "सारखं लागतं ते कोपरापाशी, कधीतरी लागतं ते लांब. यात अवघड ते काय?" त्यांनी एका जुन्या खोक्याच्या फळ्या कापून तिच्या पायांखाली चौरंग ठोकला. शिपायाने फोनची तार भिंतीलगत फिरवली. मांडणी जागची हलेना, तेव्हा सगळे नकाशे बाहेर काढावे लागले. तेवढ्यात न बोलावता नाना हजर! "पुसायला डोळे लागत नाहीत," ताईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले आणि नकाशे झटकायला बसले. त्यांचं टेबल थोडं वळवलं, तसा उजेड डावीकडून कागदावर पडू लागला.

सोमवारी अकरा रेघा. साहेब सगळीकडे फिरले, फोनपर्यंत हात लांबवून बघितला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. दुपारी शिपाई निरोप घेऊन आला: साहेबांची पाठ फार दुखते, त्यांच्या खोलीतही जरा टेप लावून बघाल का?

"बुधवारनंतर," ताईने कळवलं.

बुधवारी ती रजा टाकून नानांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. वाटेत नाना दोनदा मागे फिरले. दोन्ही वेळा तिने त्यांची पिशवी आपल्या हातात ठेवली, म्हणून परत आले.

नर्सने ऑपरेशनचा फॉर्म भरताना विचारलं, "पेशंटशी नातं?"

ताई म्हणाली, "यांच्या शेजारच्या टेबलावर बसते मी."

"मग सही तुम्हीच करा," नाना घाईघाईने म्हणाले, "नाहीतर मी अजूनही पळेन."

ताईने सही केली.