चूलबंद आवतन

दर रविवारी माझ्याकडे आठ मुलं कॉम्प्युटर शिकायला यायची. घरोघरी मोबाइल आले आणि मुलं एकेक करून कमी झाली. शेवटी उरली कामठीची पायल. तीही आज चारच्या बसने अमरावतीला, वसतिगृहात निघाली होती. त्याआधी मामाने दिलेला जुना लॅपटॉप तिला चालता करून हवा होता. त्यात जागा जेमतेम सोळा जीबी.

विंडोजऐवजी चालणारं लिनक्स बसलं होतं, पण पडदा काळा आणि नुसती अक्षरं. खिडक्या, चित्रं दिसावीत म्हणून तिने एका हलक्या डेस्कटॉपचं नाव टाइप केलं. यंत्राने लांबलचक यादी दाखवून विचारलं, बसवू का? तिचं बोट एंटरवर गेलं.

"थांब वं. आधी वाच."

"ईमेल, बुद्धिबळ, प्रिंटर... गुरुजी, मी तर एकालेच बोलावलं! हे एवढे काहून येऊन राहिले?"

"तू त्याले चूलबंद आवतन देलं. चूल बंद ठेवून घरचे सारेच जेवायले येतात ना, तसं."

ती हसली. "मंग तुमाले चूलबंद देलं तर किती जण याल?"

"एकच."

ती पुन्हा यादीकडे पाहू लागली.

मी समजावलं, काहींवाचून पाहुण्याचं पाऊलच उचलत नाही, ती येणारच. बाकीच्यांची नुसती शिफारस असते. शिफारशीतले नकोत, असं कमांडमध्येच लिहायचं. तिने लिहिलं. यादी निम्म्याहून लहान झाली. मोबाइलचं इंटरनेट वायरने जोडून अर्ध्या तासात सगळं उतरलं आणि निळा डेस्कटॉप उघडला. भरपूर जागा शिल्लक होती.

पायल टाळ्या वाजवून बॅग भरू लागली. मला मात्र कोपऱ्यात वायफाय जोडायचं चिन्ह दिसेना. तेही शिफारशीतलंच, म्हणून आलं नव्हतं. वसतिगृहात तिला वायफायच वापरायचं होतं. मी सांगितलं नाही, तर तिथे अडणार आणि रविवारी ती लॅपटॉप घेऊन येणार. अमरावती काही फार लांब नाही.

मी पाणी प्यायलो. तीन वाजत आले होते.

"पायल, वायफाय कुठून जोडशील?"

तिने चारही कोपरे धुंडाळले. "अरे बाप! हे तर राहूनच गेलं. आता पुरी यादी बोलावू का?"

"पुरी काहून? ज्याचं काम, त्यालेच नाव घेऊन बोलव."

नाव तिने स्वतःच शोधलं. चिन्ह आलं, माझ्या घरचं वायफाय जोडलं गेलं.

"अटकलं तर रविवारी येतो, गुरुजी," दारात चपला घालताना ती म्हणाली.

"आता नाही अटकत," मी म्हणालो. जरा अभिमानानेच.

तिचा ऑटो वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. मग आत आलो आणि तिची खुर्ची उचलून बाकीच्या सात खुर्च्यांवर रचून ठेवली.