चंद्रीची दौड

"ज्ञानदा, हा घोडा काय ओढतोय गं?"

परदेशातून आलेला ईमेल वाचून विघ्नेश सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर ज्ञानदाचा काळा घोडा स्वाराला घेऊन माळरानावर दौडत होता. खूर बरोबर पडत होते, आयाळ उडत होती. पण ज्यांच्या गेमसाठी तो केला होता, त्यांनी लिहिलं होतं की घोड्याला मागे काहीतरी जोडल्यासारखं वाटतंय.

"शुक्रवारपर्यंत जमलं तर घोड्यांचं सगळं काम आपल्याला, आणि तू इथे कायम," सर म्हणाले. "नाहीतर तू परत दगडांवर. माझाही नाइलाज आहे."

सातिवलीतल्या एका गाळ्याच्या माडीवर आठ संगणकांचा त्यांचा कारखाना होता. खाली पत्रे कापले जायचे, वर राक्षस आणि राजवाडे तयार व्हायचे. सहा महिने नुसते दगड आणि झाडं केल्यावर ज्ञानदाच्या वाट्याला पहिल्यांदाच हलता जीव आला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तिला तर घोड्याचेच धरायचे होते, तेही चारही. म्हणून मामाचा कॅमेरा मागून आणून ती वसई स्टेशनबाहेर उरलेल्या दोन-तीन टांग्यांपैकी हिरामणकाकांच्या टांग्यापाशी जाऊन उभी राहिली होती.

"मानसं किल्ला बघाया येतात, तू खुरं बघते!" म्हणून काका आधी खूप हसले. मग त्यांनाच चेव चढला. तीन आठवडे त्यांनी तिला शिकवलं. डोळे मिटून ऐक म्हणाले. साध्या चालीला चार ठोके, दुडकीला दोन, दौडीला तीन. मांडीवर तळहात आपटून त्यांनी ती लय तिच्या कानात अशी बसवली की घरी पोळ्या लाटतानाही तिचं लाटणं दुडक्या चालीनं फिरायचं. काकांच्या चंद्री घोडीचं अंग तिने तासन् तास टिपलं आणि तेच पडद्यावरच्या घोड्याला दिलं.

आता तिने चंद्रीचं चित्रण पुन्हा लावलं आणि कपाळावर हात मारला. मान खाली रेटलेली, छाती पुढे, मागचे पाय जमिनीला ढकलणारे. तिच्या रुबाबदार घोड्यामागे वसईगावचा अख्खा टांगा होता, चार सवाऱ्यांसकट.

संध्याकाळी तिने काकांना सांगितलं तेव्हा तिला रडूच आलं. काका बराच वेळ चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"बरोबर वळखलं त्यांनी," ते म्हणाले. "बारा वर्सं झाली, मी तिला मोकळी धावताना बघितली नाय. परवा सकाळी भुईगावला ये. किनाऱ्यावर."

बुधवारी ओहोटी होती. सुरूच्या झाडांपाशी टांगा उभा करून काकांनी चंद्रीचा साज उतरवला, डोळ्यांवरची झापडं काढली. "जा," म्हणाले. चंद्री गेली, पण कशी? नाकासमोर, ठरल्या चालीने, मान खाली घालून. वीसेक पावलांवर ती थांबली आणि उभी राहिली. सवारी उतरायची वाट बघत असावी.

काकांचा चेहरा उतरला. "इसरली वाटतं," ते पुटपुटले. ज्ञानदाला स्वतःच्या नोकरीपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात चंद्रीने वाळू हुंगली, गुडघे टेकले आणि चक्क आडवी होऊन लोळली. चारही पाय आभाळाकडे! उठली, अंग झटकलं आणि मान वर काढून अशी सुटली की ओल्या वाळूचे गोळे मागे उडाले. पाठ कमानीसारखी वाकत होती, उलगडत होती. दर तीन ठोक्यांनंतर एक क्षण एकही खूर जमिनीवर नसे. ज्ञानदाने कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. काका शेजारी उभे राहून उघड उघड रडत होते आणि हसतही होते.

"बघ," ते म्हणाले, "बघ माझी पोर!"

ज्ञानदा तिथेच वाळूत त्यांच्या पाया पडली. मोठमोठ्या कॉलेजांत फी भरूनही जे कुणी शिकवलं नसतं, ते या माणसाने आपली रोजी सोडून शिकवलं होतं.

शुक्रवारी घोडा पास झाला.

रविवारी तिने काकांना कारखान्यात बोलावलं. त्यांनी चपला जिन्याखालीच काढल्या, धुतलेला सदरा ओढून नीट केला आणि ते खुर्चीच्या अगदी टोकाला बसले. पडद्यावर काळा घोडा धावू लागला.

"रंग येगळा केला तरी चंद्रीच ती," काका म्हणाले आणि बघत राहिले. घोडा धावतच होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. काकांची चुळबुळ सुरू झाली.

"थांबव गं तिला आता. किती पळवशील? पानी दाखव."

ज्ञानदाने हसून घोडा थांबवला. सोमवारी ती लवकर आली आणि दुपारपर्यंत मान वर न काढता काम करत राहिली. विघ्नेश सर मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर घोडा ओढ्याशी थांबला होता, पुढचे पाय जरा फाकवून, मान लांब करून पाणी पीत होता. मध्येच कान हलवत होता.

"हे यादीत नाहीये. कुणी सांगितलं करायला?"

"तिच्या मालकांनी," ज्ञानदा म्हणाली. घोड्याचं पिऊन होईपर्यंत सरही तिथेच उभे राहिले.