सव्वीस दिवस

“आई, मझल! नळी माझ्याकडे आलीये,” प्रीता म्हणाली.

पोळ्या लाटताना काहीतरी सांगायला म्हणून आसावरीने लाटणं तिच्या दिशेने उगारलं होतं. तिने ते खाली केलं. “सॉरी. हे लोडेड नाहीये गं.”

“एव्हरी गन इज लोडेड. ऑलवेज. शंतनूकाका तर क्लीनिंग रॉडपण कुणाकडे करत नाही.” मग तिने बंदुकीचे उरलेले तीन नियम बोटांवर मोजून सांगितले. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दोन्ही दिसल्याशिवाय बार नाही.

यतीन टेबलाशी बसून ऐकत होता. दात घासताना नळ बंद ठेव, हे तो तिला तीन वर्षं सांगत होता. शंतनूचे चार नियम चार आठवड्यांत पाठ झाले होते, आणि पोळपाटापर्यंत पोचले होते.

यतीन ट्रॉयमधल्या एका कंपनीत ब्रेकचे आवाज मोजत असे. अकरा वर्षं हेच काम. बंद खोलीत चाक फिरवायचं, ब्रेक दाबायचा, कुठल्या वेगाला कशी किरकिर होते ते टिपायचं. गाडी घेणाऱ्याला जो आवाज कधी ऐकू येऊ नये, तो यतीनने आधी ऐकलेला असायचा. कानाची ही सवय घरीही सुटत नसे. शंतनूचा ट्रक ड्राइव्हवेत वळला की प्रीताचा आवाज थोडा वरच्या पट्टीत जातो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. किती वर, ते त्याने मोजलं नव्हतं. मोजता आलं असतं.

शंतनू आणि तो नागपूरच्या हॉस्टेलात चार वर्षं एका खोलीत राहिले. एकाच महिन्यात अमेरिकेत आले. पुढे शंतनू जिथे गेला तिथे लोकांनी त्याला जेवायला बोलावलं. अल्फारेटाला असताना तो शिकार शिकला, मग शिकवायला शिकला, आणि फेब्रुवारीत बदली होऊन ट्रॉयला आल्यावर दोन महिन्यांत इथल्या शिकार क्लबात मुलांच्या वर्गावर मदतनीस झाला. यतीनला शेजाऱ्यांची नावं पाठ व्हायला दोन वर्षं लागली होती. प्रीताने एका जेवणात शंतनूच्या तोंडून हरणांच्या गोष्टी ऐकल्या आणि वर्गाला जायचा हट्ट धरला. नाव नोंदवायला शंतनूने जन्मतारीख मागितली, तेव्हा यतीनने ऑफिसातून ती पाठवून दिली. आठवड्याला एका तासाचा वर्ग, करमेल तिला दोन आठवडे, असं त्याला वाटलं होतं.

ऑक्टोबरातल्या शनिवारी क्लबच्या मैदानावर मुलांची परीक्षा होती. पालक पिवळ्या रेघेच्या मागे, खुर्च्यांवर. प्रत्येकाच्या कानांवर जाड मफ्स. समोर तीस यार्डांवर कागदी हरीण. प्रीता गुडघ्यावर बसली, शंतनू तिच्या शेजारी वाकला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते यतीनला ऐकू आलं नाही. ज्याच्या कानावर कंपनी चालते तो माणूस आपल्या मुलीपासून पंधरा पावलांवर बहिरा बसला होता.

तिचं बोट चापाबाहेर सरळ होतं. मग ते आत गेलं. बार झाला. कागदावर खांद्यामागे, जिथे पाहिजे तिथे, भोक पडलं. तिने नळी खाली केली, सेफ्टी लावली, आणि वर शंतनूकडे पाहिलं. यतीन हात वर करून थांबला होता. त्याने मनात सात आकडे मोजले आणि हात मांडीवर ठेवला.

“पोरगी एक नंबर आहे बे,” शंतनू मफ्स गळ्यात अडकवत आला. “तुझ्यावर अजिबात गेली नाही. तू हॉस्टेलात झुरळ मारायला मला उठवायचास.”

“झुरळ उडणारं होतं.”

“हरीण पळणारं असतं.”

बाकीचे पालक हसले. मराठी एकालाही कळत नव्हतं, तरी हसले. शंतनू बोलला की लोक हसत.

क्लबचा कारभार पाहणाऱ्या कोवाल्स्कीबाई पालकांच्या सहीचे फॉर्म वाटत होत्या. पंधरा नोव्हेंबरला हंगाम सुरू व्हायचा, त्या दिवशी पास झालेल्या मुलांचा पहिला कॅम्प. फॉर्मवर वरतीच ठळक अक्षरांत क्लबचा नियम होता: शिकारीच्या दिवशी दहा वर्षं पूर्ण. खाली प्रीताचं नाव, आणि जन्मतारीख टाइप केलेली, नोव्हेंबर बारा.

यतीनने पेन टेकवलं आणि उचललं.

प्रीताचा जन्म अकरा डिसेंबरचा. शाळेचे, डॉक्टरांचे कागद भरताना तो न चुकता महिना आधी लिहायचा. पण शंतनूला मेसेज करताना त्याची बोटं आपोआप मराठीत जात. त्याने लिहिलं होतं, ११/१२/१४. शंतनूने ते इथल्यासारखं वाचलं होतं. कॅम्पच्या दिवशी कागदावर प्रीता दहाहून तीन दिवसांनी मोठी ठरत होती. खरं तर सव्वीस दिवसांनी लहान होती.

बाई समोर उभ्या होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. “घरी वाचून सही करतो,” यतीन म्हणाला आणि कागदाची घडी खिशात घातली.

पुढचे तीन दिवस त्याला बरं वाटत होतं. रविवारी त्याने प्रीताला तळ्यावर नेलं. सोमवारी सकाळी स्वतःहून थालीपिठं लावली. ती कॅम्पबद्दल बोलायला लागली तर तो ऐकून घेई, प्रश्नसुद्धा विचारी. खिशातला कागद ऑफिसच्या बॅगेत गेला होता आणि यतीन दिवसातून एकदा बॅगेची चेन उघडून तो आहे का बघत होता.

मंगळवारी बॅगेतून डबा धुवायला काढताना तो कागद आसावरीच्या हाती लागला. तिने वाचला, पुन्हा वाचला.

“ही तारीख चुकलीये.”

“हो. माझ्या लक्षात आलंय.”

“मग शनिवारी तिथेच का नाही बोललास?”

“खात्री करायची होती.”

“मुलीच्या वाढदिवसाची?”

आसावरीने कागद होता तसा बॅगेत ठेवला. “उद्या शंतनू येतोय. जे करायचं ते नीट कर,” एवढंच म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी शंतनू आला, हातात मोठी कागदी पिशवी. “सही झाली का बे? बाईंनी दोनदा विचारलं.”

प्रीता जिन्यावरून धावत खाली आली. यतीनने फॉर्म टेबलावर उलगडला. “जन्मतारीख बघ.”

“बारा नोव्हेंबर. मग?”

“अकरा डिसेंबर. कॅम्पच्या दिवशी ती नऊची असेल. तुला तिचा वाढदिवस माहीत नाही?”

शंतनूने फोन काढून जुना मेसेज शोधला. “तूच पाठवलास ना यार. अकरा, बारा.”

“मराठीत लिहिलं होतं.”

“आकडे मराठीत आहेत. मी सवयीनं महिना आधी वाचला.”

यतीन वादाची वाट पाहत होता. सव्वीस दिवसांनी काय होतं, असं शंतनू म्हणेल. मग आपण नियमावर बोट ठेवू, प्रीताच्या समोर. वाक्यं तयार होती.

शंतनू प्रीताच्या उंचीइतका खाली बसला. “रूल काय आहे?”

“टेन. ऑन द डे.”

“अँड यू आर?”

“नाइन.” ती जमिनीकडे बघत होती. “आय न्यू, काका. लिस्टमध्ये माझं नाव होतं. सो आय डिडन्ट से एनीथिंग.”

“गप्प बसलीस.”

“हो.”

“फील्डमध्ये माहीत असून गप्प बसायचं नाही. दिसलं की लगेच बोलायचं. मी मिस केलं, तू बोलली नाहीस, बाबांनी पकडलं. से थँक यू.”

“थँक यू फॉर चेकिंग, बाबा,” प्रीता म्हणाली.

आसावरी ओट्याकडे वळली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

प्रीता रडली नाही. यतीनने कशाला नाही म्हटलं की ती दार आपटायची. शंतनूचं नाही तिने उभ्या उभ्या घेतलं. यतीनला वाटलं, हेसुद्धा शंतनूचंच झालं.

शंतनूने पिशवीतून शिकारीत घालायचं भडक केशरी व्हेस्ट काढलं. “ठेव. मोठंच घेतलंय, पुढच्या वर्षी बसेल.” प्रीताने ते छातीशी धरलं आणि वर निघून गेली. मग त्याने दुसरं काढून यतीनपुढे ठेवलं. “आणि हे तुझं.”

“माझं कशाला?”

“पहिल्या वर्षी पोरासोबत दोन मोठे लागतात बे. एक ट्रेन्ड, एक घरचा. घरचा शेजारी बसतो, मी मागे. तिनं तुझं नाव दिलंय पहिल्याच दिवशी. सही झाल्यावर सांगते म्हणाली. आधी सांगितलं तर बाबा नाही म्हणेल.” तो उठला, बूट घालायला लागला. “साइज बघून घे. तुझ्या शर्टच्या कॉलरमध्ये बघून आली होती. लार्ज म्हणे.”

लार्जच होतं.

ट्रक गेल्यावर यतीन वर गेला. प्रीताच्या खोलीचं दार बंद होतं. आत गाणी नव्हती, काहीच नव्हतं. त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ कान दिला. तिचं व्हेस्ट बाहेर जिन्याच्या कठड्यावर टाकलेलं होतं. ते त्याने आपल्या खोलीत नेलं. आपलं व्हेस्ट पलंगावर पालथं पसरलं, त्यावर तिचं ठेवलं. ते खांद्यापासून खांद्यापर्यंत आत मावलं, चारी बाजूंनी जागा उरली. दोन्हींची मिळून एक घडी केली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर स्वेटरांमागे सरकवली.

कपाटाचं दार लावलं तरी फटीतून केशरी रेघ दिसत होती. त्याने दार दाबून बघितलं. कपाट जुनं होतं, दार तेवढंच लागत होतं.