आमचं खुळं

मास्तर जिन्याच्या मधल्या पायरीवर गुडघे टेकून बसले आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी पायरीची उंची मोजली. मग वरच्या पायरीची मोजली. मग पुन्हा खालचीची. मास्तर शिंपी होते, पण पायरीला काही कपडे शिवायचे नव्हते. वरच्या वळणावर त्यांची बायको दोन पिशव्या घेऊन उभी होती आणि तिच्याही वर, उघड्या दारात, लेक. लेकीने या इमारतीत नवं घर घेतलं होतं. आईबाबा आज पहिल्यांदाच येत होते.

खालून एक शेजारी आले आणि मास्तरांना पाहून थबकले.

“काही हरवलंय का?”

“नाही,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “ही पायरी बुटकी आहे. बोटभर. तुम्ही इथे अडखळत असाल.”

शेजाऱ्यांनी वर पाहिलं.

“आमचं खुळं आहे ते,” बायको हसत म्हणाली. “जा तुम्ही बाजूने.”

शेजारी अंग चोरून वर गेले आणि जाताजाता पुटपुटले, “चक्रमच दिसतोय.”

“चक्रम कुणाला म्हणता?” तिने पिशव्या खाली ठेवल्या. “कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा माणूस आहे.”

शेजारी आपलं दार लावून मोकळे झाले.

मास्तरांना जिने आवडत. कुणाकडे गेलं की चहा आत निवत असायचा आणि हे बाहेर पायऱ्या चढत-उतरत असायचे. गिऱ्हाईक माप द्यायला आलं तर त्याच्या छातीचं माप राहायचं बाजूला, आधी त्याच्या घरच्या जिन्याची चौकशी. पाहुणे त्यांना विक्षिप्त म्हणत, दुकानाशेजारचे चक्रम, आणि मेहुणे तर तोंडावर जिनेमास्तर. त्याच रस्त्यावरचे एक बडे दुकानदार जुनी कुलपं जमवायचे; त्याला मात्र सगळे छंद म्हणत. पैसेवाल्याचा तो छंद, पगारदाराचा तो नाद आणि शिंप्याचं ते खूळ, अशी जगाची रीतच आहे. बायको लग्नानंतर थोडे दिवस रडली, मग तिने त्यातलाच एक शब्द उचलला, लेकराला म्हणावा तसा मऊ केला आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत आपणच म्हणायला लागली. पण तो म्हणायचा हक्क तिचा एकटीचा. दुसऱ्याने म्हटलं की भांडण ठरलेलं.

स्वयंपाकघरात लेकीने चहाचं आधण ठेवलं आणि दार लोटून घेतलं. ती शाळेत शिकवायची.

“आई, बाबांबद्दल बोलायचं होतं.”

“त्या शेजाऱ्याचं मनावर घेऊ नकोस.”

“त्याचं नाही गं. आमचं शाळेत एक प्रशिक्षण झालं. काही मुलं एकाच गोष्टीत बुडून जातात, गर्दीत गोंधळतात, रोजची घडी मोडली की बिथरतात, त्यांच्याबद्दल. मी ऐकत होते आणि मला सारखे बाबाच दिसत होते.” मग तिने डॉक्टर लोक वापरतात तो शब्द हळूच उच्चारला.

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“म्हणजे आजार.”

“आजार नाही. घडणच तशी असते. एकदा डॉक्टरांना दाखवू, एवढंच म्हणतेय.”

“त्या माणसाने दुकान चालवलं, संसार केला, तुला शिकवलं. आता म्हातारपणी त्याच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवायची? लोकांच्या तोंडापासून मी त्यांना जपत आले, आणि तू पोटची पोर असून...”

तिचा आवाज चढला होता, पण ती रागावली नव्हती, घाबरली होती. दवाखान्यात आपलं खुळं ठेवून घेतील आणि त्याच्या जागी एखादा पेशंट हातात देतील, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं.

दार ढकलून मास्तर आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तो शब्द परत सांग,” ते लेकीला म्हणाले.

लेकीने आईकडे पाहिलं आणि सांगितला. मास्तरांनी तो ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला.

“म्हणजे असे आणखी आहेत?”

“आहेत ना बाबा. खूप.”

“लहान मुलंच?”

“मोठीही आहेत. कित्येकांना तर अर्धं आयुष्य गेल्यावर कळतं.”

मास्तर स्टुलावर बसले. टेप गुंडाळायला लागले आणि अर्ध्यावर थांबले.

“मला वाटायचं, मी एकटाच,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी माप विचारावं आणि त्यांनी सांगावं, तसं ते म्हणाले.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला एकटं वाटत असेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ती तर कायम सोबत होती. तिला गलबलून आलं. चहा वर आला, तेव्हा तिने गॅस बारीक केला.

“डॉक्टरांची वेळ घे,” ती लेकीला म्हणाली. “आणि ते बाकीचे लोक कुठे भेटतात, तेही विचारून ठेव.”