रडणाऱ्या माउलीशेजारचा मासा

"दात येईपर्यंत पोरीला दुधाखेरीज काही द्यायचं नाही," माझ्या पार्नेलला पट्ट्यांत गुंडाळताना सिबिल मावशी म्हणाली होती. "मध नको, बिअर नको, आणि चर्चमधल्या त्या पाण्याचा तर थेंबही नको. ऐकतेयस ना, टॉमसिन?"

मी ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी सुईण, कुरकुरायची सवय, असं वाटलं. शिवाय चर्चमधल्या त्या पाण्यासाठी सगळं थॉर्नस्टेड गाव रांगेत उभं असताना मी एकटीने शहाणपणा कशाला करायचा?

ईस्टरआधीच्या त्या उपासकाळात आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसे. लंगडे, बहिरे, दाढदुखीवाले, जावयाला वैतागलेले, सगळे यायचे. एकाने तर गाय आणली होती. माउली रडत होती ना.

माउली म्हणजे ओकच्या लाकडाची, हातभर उंचीची मरियामाता. आत्ताच्या राणीसाहेबांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाच्या राज्यात मूर्ती फोडायचा हुकूम निघाला, तेव्हा आम्ही तो पाळला आणि भिंतीवरच्या संतांना चुना फासला. मग राणीसाहेब गादीवर आल्या, संत परत आणायचा हुकूम निघाला. तोही आम्ही पाळला आणि चुना खरवडला. चुन्याबरोबर काही संतांची नाकं गेली, पण हुकमात नाकांचा उल्लेख नव्हता. थॉर्नस्टेडची भक्ती अशी नेहमी सरकारी असते.

शूरपणा आम्ही फक्त एकदाच केला, तो माउलीसाठी. राजाची माणसं येण्याआधी ओसवल्ड मासेवाल्याने तिला हेरिंग माशांच्या पिंपात, मिठात पुरून टाकलं. माणसं आली, त्याच पिंपावर बसून बिअर प्यायली आणि गेली. सहा वर्षांनी माउली बाहेर काढली. रंग तेवढा उडाला होता, पण कीड नाही, बुरशी नाही.

"इतकी वर्षं पिंपात राहून कुजली नाही, याला चमत्कार नाही तर काय म्हणायचं?" ओसवल्ड दर रविवारी विचारायचा. आणि मिठात मासे मुरवून पोट भरणारं आमचं अख्खं गाव माना डोलवायचं.

हे सगळं फादर लॅम्बर्ट यायच्या आधीचं. ते आले आणि माउली रडू लागली. त्यांचा आवाज गोड होता, हात मऊ होते. सकाळच्या प्रार्थनेनंतर ते डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "लेकरांनो, आत्ताच माउली माझ्या कानात हुंदका देऊन गेली. आज संध्याकाळी ती रडेल." संध्याकाळी माउलीच्या गालावर आधी चमक यायची, मग थेंब ओघळायचा. फादर तो कापडाने टिपायचे, चमच्यात पिळायचे आणि ज्याची मेणबत्ती जाड त्याला आधी द्यायचे. पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की मात्र माउली रडत नसे. "रुसली आहे," फादर म्हणायचे. "तुमच्या मेणबत्त्या बघा केवढ्याशा." दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या मनगटाएवढ्या व्हायच्या.

पार्नेलला तेव्हा खोकला झाला. नवरा लोकरीचे गठ्ठे घेऊन अँटवर्पला गेलेला. घरात मी आणि ती, दोघीच. रात्री ती खोकली की मी उठून बसायची आणि तिच्या नाकापाशी बोट धरायची. अशा बाईला चर्च दूर नसतं. मी जाड मेणबत्ती घेतली आणि गेले. एक चमचा, मग दुसऱ्या दिवशी आणखी एक. फादर म्हणाले, सोडू नकोस, गुण येईल.

खोकला कमी झाला, पण पोरगी वाळत चालली. ओठांना चिरा पडल्या, टाळू खाली गेली, पट्ट्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरड्या. ती रडायची, पण डोळ्यांत टिपूस नसायचं. तिकडे लाकडाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि माझ्या लेकीच्या डोळ्यांत नव्हतं.

मी तिला घेऊन धावत फादरांकडे गेले. चर्च भरलेलं होतं. फादरांनी पोरीकडे बघितलं, मान हलवली आणि विचारलं, ही कुणाच्या हातांत जन्मली? मी नाव सांगितलं. ते गर्दीकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "आता कळलं माउली का रडते ते."

एवढं पुरे झालं. सिबिल मावशीने माउलीच्या पायांचं चुंबन कधी घेतलं नव्हतं, हे सगळ्यांना एकदम आठवलं. मावशी म्हणाली, गुडघे धरलेत, वाकता येत नाही. पण पाखंडी माणसाचे गुडघे कसे असतात हे आता गावाला चांगलं माहीत झालं होतं. ज्यांची पोरं तिने या जगात आणली त्यांनीच तिला घंटेच्या मनोऱ्यात कोंडलं आणि बिशपच्या अधिकाऱ्याला निरोप धाडला. अधिकारी आल्यावर काय होतं ते सांगायला नको. मागच्या शरदात शेजारच्या गावी एका विणकराला जाळलं, तेव्हा धूर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत आला होता.

त्याच संध्याकाळी मी लापशी शिजवायला घेतली. मिठाची पेटी एरवी धुराड्याला टेकून टांगलेली असते. त्या दिवशी मी ती खिडकीत विसरले होते. बाहेर दलदलीवरून धुकं आलेलं. पेटी उघडली तर मिठाला पाणी सुटलेलं, फटीतून खाली थेंब ठिबकत होता. मी बघत राहिले. आजही माउली रडली होती. मागच्या आठवड्यात वारा कोरडा होता, मीठ भुरभुरत होतं, आणि माउली रुसली होती.

एप्रनच्या खिशात चर्चमधून आणलेला, पोरीला पाजायचा चमचा होता, अजून ओलसर. मी तो चाटला. समुद्र. जे पोरीला रोज पाजत होते, ते मी स्वतः एकदाही चाखून बघितलं नव्हतं.

त्यानंतर पार्नेलला फक्त दूध. मागेल तितकं, मागेल तेव्हा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पट्ट्या ओल्या झाल्या आणि मी त्या हातात धरून बसले.

मनोऱ्यात पाव घेऊन गेले. मावशीने पावाकडे बघितलं नाही.

"पोरगी मुतली का?"

"मुतली."

"मग झालं तर. तू कशाला रडतेस?"

मी तिला मिठाचं सांगितलं. ती म्हणाली, की हे चौकात बोललीस तर माझ्याच लाकडांवर तुझीही सोय करतील, सरपण वाचेल त्यांचं. खरंच होतं ते. माउली खारट आहे असं म्हणणाऱ्या बाईचं कोण ऐकून घेणार? म्हणून मी भक्त झाले. एवढी की फादरांनाही कौतुक वाटावं.

ओसवल्डकडून सगळ्यात मोठा खारवलेला कॉड मासा घेतला आणि फादरांना म्हणाले, पोरीसाठी नवस आहे, हा माउलीच्या शेजारी, तिच्या डोक्यावरच्या तुळईला टांगायचा.

"माउलीला मासा?" फादर म्हणाले.

"प्रभूंनीही मासेच वाटले होते ना, फादर. आणि नवस फिटला की तो चर्चचाच."

उपासाने ओढलेल्या चेहऱ्याने फादरांनी माशाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. नवस मान्य झाला.

अधिकारी आला त्या सकाळी माझ्या मिठाला उजाडतानाच पाणी सुटलं होतं. फादरांनीही जाहीर केलं, की आज माउली पाखंडी बाईला समोर बघून रडणार. चर्च गच्च भरलं. मावशीला हात बांधून आणलं. अधिकारी ठेंगणा, टक्कल पडलेला, सर्दीने बेजार. तो पुढे तुळईखाली उभा राहिला. मी पार्नेलला छातीशी घट्ट धरून त्याच्यामागे.

माउलीच्या गालावर चमक आली. मग थेंब. लोक गुडघ्यांवर गेले. अधिकारीही गेला. आणि त्याच्या टकलावर टप्पकन काहीतरी पडलं.

त्याने वर बघितलं. माशाच्या शेपटीवरून दुसरा थेंब निघत होता.

"हे काय?"

"मासा आहे, साहेब," मी म्हणाले. "तोही रडतोय. पाखंडी कोण, ते त्यालाही कळलं असावं."

कुणी हसलं नाही. फादर पुढे होऊन म्हणाले, की सैतान माउलीची नक्कल करतो आहे. अधिकाऱ्याने टक्कल पुसलं, बोट जिभेला लावलं. मग छातीवर क्रूस काढला, माउलीच्या गालाला बोट लावलं आणि तेही चाखलं. शिंकला.

"ही मूर्ती आधी कुठे होती?" त्याने विचारलं.

ओसवल्ड छाती काढून उभा राहिला. "माझ्याकडे, साहेब. पिंपात. हेरिंगच्या मिठात. सहा वर्षं, आणि कुजली..."

शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून आलाच नाही. त्याचा चेहरा सावकाश उतरला आणि त्याच्यामागे सगळ्या गावाचा. मिठात ठेवलं की काय होतं, हे थॉर्नस्टेडला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीठ लाकडात मुरतं, हवा दमट झाली की त्याला पाणी सुटतं. आमच्या कोठारातले मासे दर धुक्यात हेच करतात. पण माशांच्या पुढे कुणी गुडघे टेकत नाही, म्हणून त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अधिकाऱ्याने वेदीमागे शोधायला लावलं. खारं पाणी भरलेलं मडकं निघालं आणि त्यात बदकाचं पीस. लाकडातलं जुनं मीठ संपत आलं, की फादर त्या पिसाने खाऱ्या पाण्याचा नवा हात फिरवायचे. त्यांच्या खिडकीत मिठाची पुरचुंडी टांगलेली होती. रोज सकाळी ते ती चिमटीत धरून बघायचे, ओलसर लागली की माउलीने हुंदका दिला.

अधिकारी काही विवेकाचा पुतळा नव्हता. राणीसाहेबांच्या संतांना लोक हसतील, याची त्याला मावशीपेक्षा जास्त काळजी होती. त्याने मावशीचे हात सोडवले, मडकं जप्त केलं, कुणी ब्र काढायचा नाही असं बजावलं आणि फादरांना दुसऱ्या गावी धाडलं. तिथे आता कुणाला रडू कोसळलंय, कोण जाणे.

गावाने मावशीची माफी मागितली नाही. तसा हुकूम नव्हता ना. लोक तिला बघून रस्त्याच्या पलीकडून जातात. रात्री दार वाजलं की आता ती आधी विचारते, कोण, किती जण. मासा मी तिलाच दिला. तिने तो पाण्यात भिजवून, मीठ उतरवून खाल्ला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावात देव रडला, हलला, प्यायला, घामाघूम झाला, तर गुडघे टेकायच्या आधी दोन गोष्टी करा. ते पाणी चाखा. आणि देवाला गावात आणायच्या आधी कुठे ठेवलं होतं, ते विचारा. तुमच्या लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी तर नक्की विचारा. देवाला राग येणार नाही. आला, तर तो कुणाला आला ते नीट बघा.

आणि एक गोष्ट आजच करा. अशा गर्दीत बोट नेहमी कुणा बाईकडे तरी रोखलेलं असतं. ती बहुधा गावाच्या टोकाला एकटीच राहते. मी रोज सकाळी पार्नेलला कडेवर घेऊन दलदलीच्या वाटेवर उभी राहते आणि मावशीच्या धुराड्यातून धूर निघतोय का, ते बघते. तुमच्या गावातल्या त्या बाईची चूल आज पेटली आहे का, तेवढं जाऊन बघून या.