सिनेमात नसलेलं प्रकरण

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझ्या पानांचे कोपरे दुमडलेले मला मुळीच खपत नाहीत. मी 'सात भरतींचं बेट' नावाची एक जुनी कादंबरी आहे. मूळची परदेशी, पण १९९८ साली मी मराठीत आले आणि छापखान्यातून थेट जयगडच्या वाचनालयात दाखल झाले. तेव्हापासून खाडीची खारी हवा खात कपाटात उभी आहे. उभी कसली, सारखी चुळबुळत असते. कुणी मला उघडलं, की हा शेवटपर्यंत जाईल की मध्येच टाकून देईल, या काळजीनं माझा जीव वरखाली होतो.

माझ्यात दोन भावंडं आहेत, सात भरती उलटल्यावरच दिसणारं एक बेट आहे आणि समुद्राच्या तळाशी झोपलेला एक प्रचंड सर्प आहे. शिवाय मुलांना पलीकडे नेणारा एक नावाडी आहे. त्याच्याबद्दल माझ्यात फारसं लिहिलेलं नाही. उंच, राठ हातांचा, कमी बोलणारा, एवढंच. बाकीचं वाचणाऱ्यानं आपल्या पदरचं घालायचं. जयगडच्या मुलांनी ते भरपूर घातलं. एकाचा सर्प वाम माशासारखा बुळबुळीत होता, तर दुसरीचा त्यांच्या विहिरीतल्या धामणीसारखा पिवळट.

कोळीवाड्यातल्या मनिषाला सर्पाचं काही नव्हतं. तिचे वडील खंडू होडीवर खलाशी होते. ती लहान असतानाच ते तापानं गेले. घरात त्यांचा एकच फोटो होता, स्टुडिओत केस चापून काढलेला. तो बाबांसारखा दिसतच नाही, असं ती म्हणे. माझ्यात एक प्रकरण आहे, त्यात नावाडी भरतीची वाट पाहत दिवसभर फाटकं शीड शिवत बसतो, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून. मनिषा तिथं आली आणि थांबली.

"माजे बाबा असंच बसायचे जाळं सांधायला," ती पुटपुटली आणि तिनं त्या पानाचा कोपरा दुमडला. मला असा राग आला! पण त्या दिवसापासून माझ्या नावाड्याला खंडूचा चेहरा मिळाला. दुसरं कुठलंही पुस्तक पुढे केलं तरी ही पोर पुन्हा मलाच मागून न्यायची.

मग २००३ साली माझ्यावरचा सिनेमा हिंदी बोलत रत्नागिरीला आला. मनिषाचा रूपेशकाका गणपतीला मुंबईहून आला होता, तो तिला एसटीनं घेऊन गेला. मी स्वतः तो सिनेमा पाहिलेला नाही. कपाटातल्या कादंबरीला तिकीट कोण काढून देणार! पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून सगळं ऐकलं आणि माझी झोप उडाली. वादळ उभं करायला मला पानंच्या पानं लागली होती. तिथं म्हणे लोक खुर्च्या घट्ट धरून बसले. मला वाचून कधी न घाबरलेली पोरं तो सर्प बघून किंचाळली. हे माझ्याच्यानं झालं नसतं, कबूल आहे. पण त्यानंतर सगळ्या मुलांचा सर्प एकसारखा झाला. वाम गेला, धामण गेली. आणि नावाडी? त्याला सोनेरी दाढी, निळे डोळे आणि हातात तलवार! माझ्यात त्यानं कधी साधी काठीसुद्धा उगारलेली नाही.

आमचं वाचनालय सांभाळणारे गोपाळकृष्णतात्या मूळचे आंबेवाले. "पेटीवर चित्र असलं की आंबा उचलला जातो," असं म्हणत त्यांनी वर्तमानपत्रातला तो दाढीवाला कापला आणि मैद्याची खळ लावून माझ्या मुखपृष्ठावर चिकटवला. मला मागणी आली, हे खरं. पण पोरं मला नेत आणि लगेच परत आणून आपटत. "ह्यात मारामारीच नाय!" असं ऐकून घ्यायचं माझ्या नशिबी आलं.

एका दुपारी मनिषा आली. चित्र पाहून तिचा चेहरा पडला. तिनं मला घरी नेलं, पडवीत बसली आणि ओल्या फडक्यानं ते चित्र घासायला लागली. माझा पुठ्ठा फुगला, कडा सुटल्या. आता मी संपले, असं मला वाटलं.

सुपात सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडत बसलेली तिची आई, शकू, ओरडली, "मने, काय चाल्लंय? पुस्तक लोकांचं हाय ना?"

"आये, ह्यो मानूस नको मला ह्यात." मनिषाला रडू फुटलं. "वाचताना ह्योच दिसतो. बाबा दिसतच नाय आता. फोटोतले दिसतात, आपले नाय दिसत."

शकूनं तिला सुपाशेजारी ओढून घेतलं. मग जवळा निवडता निवडता म्हणाली, "मी काय तुजा शिनेमा बगितला नाय. मला वाचून दाव. कुठनं बी वाच."

मी उघडले ती दुमडलेल्या कोपऱ्यापाशीच. मनिषा नाक ओढत वाचू लागली. नावाडी दोर अंगठ्यात अडकवून शीड शिवत होता. मुलं कंटाळली होती. तो काही बोलत नव्हता. भाकरी मोडून त्यानं मोठा तुकडा मुलांना दिला.

शकूचे हात जवळ्यातच राहिले. "आनि मदीच दोरा दातानं तोडायचा तुजा बापूस. मी वरडायची, दात पडतील म्हनून."

मनिषानं झटकन वर पाहिलं. "आये, हे शिनेमात नव्हतंच!"

"मंग?"

"मंग तो दाढीवाला इथं आलाच नाय."

तिनं ते पान पुन्हा वाचलं. मग डोळे मिटून बसली. "दिसतात," ती म्हणाली. शकूनं तोंड फिरवलं, पण तिचे डोळे मी पाहिले.

त्या प्रकरणात काही घडतच नाही, म्हणून सिनेमावाल्यांनी ते गाळलं असणार. पूर्वी याचा मला संताप यायचा. त्या दुपारी पहिल्यांदा मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला परत द्यायला आल्या. तात्या भडकलेच. "अगं, काय दशा केलीस ही! आता रद्दीतच घालायला हवं."

 शकू म्हणाली, "तात्या, चित्र तिनंच पुसून काढलान. पन का काढलान, ते इचारा."

मनिषानं सांगितलं नाही. तिनं ते पान उघडून वाचून दाखवलं आणि बाबा कसे बसायचे ते तिथंच जमिनीवर बसून दाखवलं. तात्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी खाकी कागद काढला, मला कव्हर घातलं आणि वर नुसतं नाव लिहिलं. "चित्र ज्याचं त्यानं आणावं," ते म्हणाले.

मित्रांनो, सिनेमा जरूर पाहा. उद्या माझ्यावर आणखीही निघतील आणि मी पुन्हा अशीच तळमळत बसेन. पण मला हातात घ्याल, तेव्हा कंटाळा आला म्हणून शीड शिवण्याचं ते प्रकरण ओलांडून जाऊ नका. आणि कोपरे दुमडू नका, हे मी पुन्हा सांगते. फक्त तिथला तो एक जुना कोपरा आहे ना, तो मात्र सरळ करू नका.