यशया सरांचा लिथुआनिया

यशया सरांनी उभ्या जन्मात जिल्ह्याची हद्द तीनदाच ओलांडली होती. दोनदा पुण्याला जाताना, आणि एकदा बीडच्या एस.टी.त डोळा लागला म्हणून. शेवगावच्या पूर्वेला, माळावरच्या चिंचदरा गावी एका मिशन संस्थेची चौथीपर्यंतची शाळा होती. तिथले ते एकटे शिक्षक. मुलं सव्वीस.

सरांना एकच जाच होता, रेंजचा. संस्थेनं हजेरीचं ॲप काढलं होतं. सकाळी दहाच्या आत बटण दाबायचं, नाहीतर गैरहजर. चिंचदऱ्यात सगळ्यांचं सिम एकाच कंपनीचं, आणि तिचं नेट गावात पोचत नाही. सर रोज पाण्याच्या टाकीवर चढायचे आणि फोन धरलेला हात आभाळाकडं करून उभे राहायचे. खालून शाळेत खिचडी शिजवणारी बनुबाई विचारायची, "आलं का वो सर?"

"न्हाई अजून."

अशानं डिसेंबरात ते अकरा दिवस गैरहजर लागले. सगळे दिवस शाळेत असूनही.

नाताळात ते बहिणीकडं, श्रीरामपूरला गेले. भाची नॅन्सी आयर्लंडला नर्स होती, ती सुट्टीवर आलेली. मामाचं रडगाणं ऐकून तिनं आपला एक जादा फोन पुढं केला.

"मामा, यात ई-सिम आहे. प्रवाशांसाठी असतं ते."

सरांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "कार्ड कुठाय?"

"कार्ड नसतंच, आतच असतं ते. आपलं सिम फक्त आपल्या कंपनीचा टॉवर शोधतं. हे पाहुण्यांचं सिम, ज्याचा टॉवर सापडेल त्याच्या दारात जाऊन बसतं. दोन महिन्यांचं पॅक आहे. मला इथं घरात वायफाय आहे, तुम्ही घेऊन जा."

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी सर टाकीवर चढलेच नाहीत. वर्गात खुर्चीवर बसून बटण दाबलं आणि हिरवी खूण आली. त्यांना इतकं भरून आलं की पहिला तास त्यांनी मुलांना नुसती गाणी म्हणू दिली.

तीन आठवड्यांनी पोस्टातून नोटीस आली. 'आपण दि. ६ जानेवारीपासून लिथुआनिया या देशातून हजेरी लावत असल्याचे निदर्शनास आले आहे. विनापरवानगी परदेशगमनाबाबत समक्ष खुलासा करावा.'

"हे कुठं आलं?" त्यांच्या बायकोनं, दयानं विचारलं.

सरांनी भिंतीवरच्या नकाशात बराच वेळ शोधलं. "लई वर हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते नगरला संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथले हेडक्लार्क भागवत सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "कधी आलात?"

"आत्ताच. सकाळच्या गाडीनं."

"तिकडून थेट गाडी आहे?"

"शेवगावहून हो! मी कुठं गेलोच नव्हतो, साहेब." सरांनी फोन काढून सगळं समजावलं. रात्री नॅन्सीला विचारून त्यांनी नीट पाठ केलं होतं. ई-सिमची कंपनी बाहेरची, तिचं नेट त्या देशातून फिरून येतं, म्हणून ॲपला वाटतं माणूसही तिकडंच.

भागवतांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुम्ही माझ्यासमोर बसलाय, हे मला दिसतंय. पण मला दिसून काय उपयोग? सिस्टिमला दिसायला हवं. असं करा, आत्ता इथून हजेरी लावा."

सरांनी बटण दाबलं. भागवतांनी आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मान हलवली.

"अजून तिकडंच आहात."

सरांनी नकळत स्वतःच्या मांडीला हात लावून पाहिला.

"पासपोर्ट दाखवा, परत आल्याचा शिक्का असेल."

"पासपोर्ट काढलाच नाही कधी."

भागवत गंभीर झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "विनापासपोर्ट गेलात? हे कुठं बोलू नका. मी बघतो काहीतरी. तुमची एक बाजू चांगली आहे. इथले दहा म्हणजे तिकडचे पहाटेचे साडेसहा. त्या थंडीत एवढ्या लवकर शाळेत हजर राहणारा माणूस आपल्या संस्थेत दुसरा नाही."

सर घरी आले ते पडेल चेहऱ्यानं. दया म्हणाली, "खरं ते लिहून द्या." त्यांनी दोन पानी अर्ज लिहिला, 'मी लिथुआनियास गेलो नाही.' आठ दिवसांनी उत्तर आलं. 'आपली विनंती मान्य करून सदर कालावधी अभ्यासदौरा धरण्यात येत आहे. श्रीरामपूर येथील शिक्षक मेळाव्यात आपण अनुभवकथन करावे.'

मेळाव्याला दोनशे शिक्षक. संस्थेचे सचिव सायमनसाहेब पहिल्या रांगेत. सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी कुठंही गेलेलो नाही."

"किती साधा माणूस!" सायमनसाहेब शेजाऱ्याला म्हणाले.

सरांना खोटं तर बोलायचं नव्हतं. मग त्यांनी जिथून रोज हजेरी लावली होती, त्या शाळेबद्दल सांगायला सुरुवात केली. एकच शिक्षक. चार इयत्ता एका खोलीत. पत्र्याला एवढी भोकं की पावसात मुलं दप्तर डोक्यावर घेऊन पाढे म्हणतात. संडासाला दार नाही, मुली दुपारी घरी गेल्या की परत येत नाहीत.

"युरोपात असं?" कुणीतरी पुटपुटलं.

मुबश्शिरा नावाच्या शिक्षिकेनं हात वर केला. "सर, तिथली मुलं कुठली भाषा बोलतात?"

"मराठी," सर म्हणाले.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सायमनसाहेब उठून उभे राहिले. "तीन आठवड्यांत!" ते ओरडले. "तीन आठवड्यांत मराठी शिकवली यांनी तिकडं!"

कार्यक्रमानंतर मुबश्शिरानं सरांना जिन्यात गाठलं. "सर, ती शाळा तुमचीच ना?"

"हो." सरांनी ई-सिमची सगळी गोष्ट सांगितली.

"वाटलंच. आमच्याकडंही तसंच आहे. ते सिम मिळतं कुठं?"

पुढच्या महिन्यात चिंचदऱ्यात टेम्पो आला. नवेकोरे चाळीस पत्रे आणि एक लोखंडी दार. संस्थेच्या पावतीवर लिहिलं होतं, 'लिथुआनिया येथील गरजू शाळेस मदत', आणि खाली चिंचदऱ्याचा पत्ता. टेम्पोवाला फैयाज घाम पुसत म्हणाला, "गुर्जी, रस्ता लई बेकार हाय तुमच्या देशाचा. घ्या, सही करा."

सरांनी पेन हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. दयाकडं पाहिलं. खरं ते लिहून द्या म्हणणारी दया दाराची कडी लागते का ते बघत होती.

"करा की सही," ती म्हणाली. "मुली खोळंबल्यात."